कात्रीबाई आणि नणंदेची भट्टी

कात्रीबाईंना आपण घाबरत नाही, असं सांगणारा यार्डात एकच माणूस होता, आणि तो त्यांचा नवरा होता. तोही हे वाक्य क्रेनच्या केबिनमध्ये चढल्यावर, काच वर करून घेतली की मगच म्हणायचा.

यार्डात अवजड माल चढायचा-उतरायचा. हत्तीएवढ्या मोटरी, टाक्या, लोखंडी तुळया यायच्या, क्रेन त्या उचलायची आणि ट्रेलरवर ठेवायची. क्रेनचा हुक आणि खालचा माल यांच्यामध्ये जे काही असतं त्याला स्लिंग म्हणतात. कधी तो तारेचा दोर असतो, कधी साखळी, कधी कापडी पट्टा. येणाराजाणारा क्रेनकडे बघतो, मालाकडे बघतो, मधल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कात्रीबाईंचं काम त्या मधल्याकडेच बघायचं होतं.

पूर्वी त्या बाजाराच्या गल्लीत एका दुकानात ताडपत्र्या आणि जाड कापडाच्या पिशव्या शिवत. एका दुपारी यार्डाचा मुकादम खांद्यावर रुंद पट्टा टाकून दुकानात शिरला. पट्टा एका कडेने अर्धा फाटलेला.

"बाई, एवढे चार टाके मारून द्या. घाई आहे."

"कशाचा पट्टा?"

"मोटर उचलायचीय."

"विहिरीवरची?"

"छे हो. कारखान्याची. तुमच्या दुकानात मावणार नाही एवढी."

बाईंनी पट्टा उलटापालटा करून पाहिला. शिवणीला बोट लावलं. मग विचारलं, "उचलताना खाली माणसं असतात?"

"आसपास असतातच की. आम्हीच असतो."

बाईंनी ताडपत्री कापायची भली मोठी कात्री उचलली आणि त्याच्या डोळ्यांदेखत पट्ट्याचे दोन तुकडे करून त्याच्या हातात दिले.

मुकादम तरातरा निघाला तो थेट साहेबांकडे, तक्रार घेऊन. साहेबांनी तुकडे हातात घेतले, फाटलेली कड पाहिली, मुकादमाकडे पाहिलं, आणि विचारलं, "ही बाई बसते कुठे?" यार्डात 'हो' म्हणणारी माणसं पोत्याने होती. 'नाही' म्हणणारं एकही नव्हतं. पुढच्या आठवड्यात बाई यार्डाच्या स्लिंग-खोलीत रुजू झाल्या, आणि मुकादमाने, ज्याने हा घाट घातला त्याने स्वतःच, त्यांचं नाव कात्रीबाई ठेवलं. सूड म्हणून.

पट्टे त्यांना नवे नव्हते. टाका उसवला की लांबूनच दिसायचा. बऱ्याच पट्ट्यांच्या पोटात लाल धागा विणलेला असतो, तो वरून दिसायला लागला की पट्टा संपला, हेही पहिल्याच दिवशी पाठ झालं. तारेच्या दोराने मात्र त्यांना धडा शिकवला. पहिल्याच दोरावरून त्यांनी कापड चाचपावं तसा उघडा तळहात फिरवला आणि तुटलेली तार तळव्यात घुसली. तेव्हापासून हातात मोजा आणि मोज्यावर जुनं सुती फडकं. फडकं जिथे अडकेल तिथे तार तुटलेली. साखळीचा दुवा न् दुवा त्या वळवून बघत, झिजलाय का, ताणून लांबलाय का; हुकाने तोंड वासलंय का. आणि सगळ्याच्या आधी टॅग. किती वजन पेलतं हे लिहिलेला टॅग नसेल तर पट्टा नवाकोरा असला तरी बाद.

"अहो बाई, टॅग नुसता गळून पडलाय. पट्टा ठणठणीत आहे," एखादा म्हणे.

"मग ठणठणीत किती ते सांग."

तो गळलेला टॅग शोधायला खाली वाके. तोवर कात्री चाललेली असे. बाद झालेला स्लिंग अख्खा ठेवला तर कुणीतरी तो उद्या कोपऱ्यातून उचलणार, परवा माल टांगणार, हे त्या ओळखून होत्या. म्हणून बाद म्हणजे तिथल्या तिथे तुकडे.

यार्डातली माणसंही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. आवडते स्लिंग तपासणीच्या दिवशी गायब होत. एकदा पट्टा संडासाच्या टाकीमागे सापडला. एकदा एक गडी अचानक पोट सुटल्यासारखा दिसायला लागला, आणि बाईंनी त्याला नुसतं "वाक बरं जरा" म्हटल्यावर शर्टातून पट्ट्याचं टोक बाहेर आलं. मुकादम तर शपथेवर सांगे की बाई झोपेतसुद्धा काहीतरी कापत असणार. हे खरंखोटं ज्याला ठाऊक होतं तो त्यांचा नवरा, आणि तो वर केबिनमध्ये असे.

नवऱ्याला यार्डात सगळे उंट म्हणत. उंटावरचा शहाणा, म्हणून उंट. वर बसून खालच्यांना सल्ले देण्याची सवय होती, पण माणूस लोण्यासारखा. लग्नानंतर त्याला कळलं की तपासणी घरीही चालते. कपडे वाळत घालायची दोरी, पिशव्यांचे बंद, खिडकीच्या पडद्याची तार, सगळ्यावर फडकं फिरे. एका सकाळी बाईंना त्याच्या पायजम्याची नाडी विरलेली दिसली आणि त्यांनी ती कापली. पायजमा त्याच्या अंगावर होता. एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने चहाचा कप धरून तो शांतपणे म्हणाला, "अगं, नवी नाडी आणून मग जुनी कापत जा."

"मग तू नवी आणायला गेलाच नसतास," बाई म्हणाल्या. एरवी त्या नवऱ्याला अहोजाहो करत, पण नाडीच्या वेळी मान राखायला सवड नव्हती.

हे सगळं खपवून न घेणारी एकच व्यक्ती होती. उंटाची थोरली बहीण. बाईंची नणंद.

नणंदेचा राग जुना होता. लग्न ठरलं तेव्हा भावाने तिला सांगितलं होतं, "ती पट्ट्यांचं काम बघते." नणंदेने ते नातेवाइकांत 'पट्टेवाली आहे' असं पोचवलं. झालं. सगळ्या गोतावळ्याची समजूत अशी झाली की सून कुठल्याशा कचेरीत साहेबांच्या फायली आणि चहा फिरवते. नणंदेला खरं काय ते लवकरच कळलं, पण तिने कुणाचा गैरसमज दूर केला नाही. "साखळ्या आणि हुक मोजते असं सांगण्यापेक्षा ते बरं," असं तिचं मत. रागात नसली की ती भावजयीला नावाने हाक मारी. रागात असली की 'वहिनी' म्हणे. बाईंनी स्वतःचं नाव नणंदेच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं.

तर या नणंदेने बेकरी काढायचं मनावर घेतलं. तिच्या हाताला चव होती, यात वाद नाही. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये ती पाव आणि केक करी, आणि आळीतली माणसं दारात उभी राहत. एक हॉटेल बंद पडलं तशी तिने तिथली मोठी भट्टी विकत घेतली. भट्टी ठेवायची होती घराच्या वर, गच्चीवरच्या खोलीत. जिन्याने ती जाणं शक्य नव्हतं. तेव्हा भाऊ आठवला.

उंटाने मित्राची ट्रकवरची क्रेन मागून घेतली आणि रविवार ठरवला. निघताना दारात चपला घालता घालता तो बायकोला म्हणाला, "हे बघ. आज तू पाहुणी आहेस. ताईकडे जायचं, खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा. वर बघायचं नाही."

"पट्टे कुणाचे?"

"दाजींनी आणलेत कुठूनसे. बघ, सुरू झालीस."

बाईंनी कपाळाला आठी घातली, पण शब्द दिला. पर्समधली छोटी कात्रीसुद्धा काढून टेबलावर ठेवली.

दाजी म्हणजे नणंदेचा नवरा. गरीब माणूस, पण आत्मविश्वास दांडगा. आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टींवर जीव लावला होता: बायकोवर आणि तळमजल्यावरच्या गॅरेजातल्या एका जुन्या मोटारीवर. मोटार चालत नव्हती. कित्येक वर्षांत चालली नव्हती. दाजी दर रविवारी ती पुसत. आज पुसणं राहिलं म्हणून ते जरा बेचैन होते.

रस्त्यात भट्टी उभी होती, पत्र्याची, काळवंडलेली, कपाटासारखी रुंद. शेजारी क्रेनचा ट्रक पाय पसरून उभा. आळी गोळा झालेली. बाईंना नणंदेने ओसरीत खुर्ची दिली, हातात चहा दिला. "बसा वहिनी," ती म्हणाली. बाईंना कळलं, आजचा दिवस कसा जाणार.

त्यांनी खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला डोळे नसतात, पण कानांना कोण अडवणार. मागून दाजींचा आवाज आला, "पट्टा जरा आखूड पडतोय. गाठ मारून जोडू." बाईंनी चहाचा घोट घेतला. "वजन काय हो, दोन क्विंटल असेल, जास्तीत जास्त." बाईंना ठाऊक होतं, असल्या भट्टीचा तळ दगडी विटांचा असतो. त्यांनी आणखी एक घोट घेतला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

मग कुणाचं तरी पोर रडलं म्हणून त्यांनी मान वळवली. पोराकडे बघायला म्हणून वळवली. पोर आईच्या कडेवर, आई भट्टीला टेकून उभी, आणि भट्टीखालून दोन पट्टे वर हुकाकडे गेलेले. उन्हाने विटून पांढुरके पडलेले. एकाला गाठ. टॅग कुठेच नाही. पत्र्याची धारदार कड आणि पट्टा यांच्यामध्ये पोत्याचा तुकडासुद्धा नाही. आणि एका पट्ट्याच्या मधोमध, बोटभर लांबीत, लाल धागा.

बाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. तिथे नणंद केकचं भांडं पालथं करत होती.

"वन्सं, पाव कापायची सुरी कुठाय?"

वहिनी आपण होऊन कामाला हात लावतेय हे पाहून नणंद क्षणभर विरघळली. "त्या फळीवर. ती दातेरी घ्या, चांगली चालते."

खरोखरच चांगली चालली. बाई रस्त्यावर आल्या, कडेवरच्या पोरासकट त्या आईला बाजूला केलं, आणि पट्टा हातात धरून सुरी फिरवली. पट्टा तुटला. मग दुसरा कापला. वर केबिनमध्ये उंटाने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं, त्याने हॉर्न वाजला, आणि दचकून तो सरळ बसला.

नणंद दारात आली. तिच्या जिभेचा दांडपट्टा सुरू झाला की आळीतली कुत्रीसुद्धा पायरीखाली जात. वहिनींनी भट्टीला दृष्ट लावली इथपासून तिने सुरुवात केली. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, भावाला नाडी धरून फिरवते, मागून आणलेला दुसऱ्याचा माल कापते, आणि तोही माझ्याच सुरीने, इथपर्यंत ती आली तेव्हा दम घ्यायला थांबली.

"सुरीला धार लावून देते," बाई म्हणाल्या. "पट्टे गेले. आता एवढंच बघू की भट्टी वर कशी न्यायची. भट्टी वर गेली पाहिजे ना?"

"कशाने नेणार, तुमच्या पदराने?"

बाईंनी मुकादमाला फोन लावला. तिकडून आधी नुसता उसासा आला. "बाई, रविवार आहे. रविवारी तरी माझा पट्टा सोडा."

"मला पट्टे हवेत," बाई म्हणाल्या. "उचलायला."

मग मुकादम हसायला लागला. त्याने साहेबांना विचारलं, आणि साहेबांनी निरोप पाठवला की स्लिंग न्या, फक्त पहिल्या भट्टीचा पाव यार्डात आला पाहिजे.

तासाभरात टेम्पो आला. मुकादम एकटा येईल अशी बाईंची अपेक्षा होती. जेवढी माणसं रविवारी घरी सापडली तेवढी सगळी आली होती, आंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून. कात्रीबाईंना पट्टे हवेत, हा सोहळा कुणालाच चुकवायचा नव्हता. मुकादमाने टेम्पोतून गोल पट्ट्यांची एक जोडी काढली. आत धाग्यांचा भरगच्च गठ्ठा, वर कापडी खोळ, असे हे पट्टे. बाईंनी पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ही जोडी हरवली होती ना?"

मुकादम आभाळाकडे बघू लागला.

"कुठे होती?"

"सुरक्षित जागी होती, बाई. तुमच्यापासून."

बाईंनी पट्टे नणंदेच्या जेवणाच्या टेबलावर अंथरले. चष्मा लावला. खोळीवरून इंचाइंचाने बोटं फिरवली, आत कुठे गाठ किंवा पोकळ लागतंय का ते चाचपलं, टॅग पुसून मोठ्याने वाचला. यार्डातली माणसं टेबलाभोवती निकालाची वाट बघत उभी होती. जोडी अगदी निर्दोष होती. ती कधी बाद झालीच नसती. उगाच संडासामागे नाहीतर कुठल्याशा माळ्यावर वर्षभर लपून बसली होती.

"काय बाई?" मुकादम म्हणाला.

"पास," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं. "अरे, चांगले होते की. दाखवायचे तरी."

"तुमच्या हातात कात्री असली की चांगलं काय नि वाईट काय, आम्हाला घामच फुटतो."

हे बाईंना लागलं. माणसं खराब पट्टे लपवतात हे त्यांना माहीत होतं. चांगलेही लपवतात, हे आज कळलं.

पुढचं काम बघण्यासारखं झालं. भट्टीच्या कडांना रबरी गाद्या लागल्या. पट्टे फार फाकून ताण वाढू नये म्हणून हुक उंच घेतला. आळी दोरीपलीकडे गेली. भट्टी आधी वीतभर उचलून थांबवली, सगळीकडून बघितली, मग वर चालली. झुलली नाही, कलली नाही. नणंदेने तोंडावर हात ठेवला होता. गच्चीच्या कठड्यावरून भट्टी आत गेली, खोलीच्या दारासमोर आली, आणि वर उभा असलेला मुकादम खाली वाकून ओरडला, "दार लहान आहे."

"दार बरोबर आहे," दाजी खालून म्हणाले. "मोजलंय."

"कशाने?"

"वितीने."

उलगडा व्हायला वेळ लागला. हॉटेलात जाऊन भट्टी दाजींनी मोजली होती, आपल्या फावड्यासारख्या पंजाने. घरचं दार नणंदेने मोजलं होतं, आपल्या नाजूक हाताने. दोघांच्या विती तंतोतंत जुळल्या होत्या. संसारात इतकं एकमत त्यांचं कधी झालं नव्हतं.

वरून उंटाने विचारलं, "ताई, कुठे ठेवू?"

"ठेव माझ्या डोक्यावर."

"माल हवेत ठेवून चर्चा नाही," बाई म्हणाल्या. "आधी खाली घ्या." भट्टी गेली तशीच संथपणे खाली आली आणि रस्त्यात लाकडी ठोकळ्यांवर बसली. मग चर्चेला ऊत आला. कुणी दार फोडा म्हणालं, कुणी भट्टी कापा म्हणालं. नणंद पायरीवर बसली. तिचे डोळे भरले होते, आणि तशा डोळ्यांनी ती समोर बघत होती. समोर गॅरेज होतं. रुंद दाराचं, रस्त्यावर उघडणारं, आत एका न चालणाऱ्या मोटारीचा संसार.

दाजींनी बायकोची नजर पाहिली. "नाही," ते म्हणाले. "ते नाही हं."

नणंद काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती काही बोलली नाही, आणि दाजी त्याच्यापुढे टिकले नाहीत. यार्डातल्या माणसांनी मोटार ढकलत बाहेर काढली. दाजी स्टिअरिंग धरून आत बसले होते, निघताना निदान आपण चालवली असं व्हावं म्हणून. मोटार दारासमोर रस्त्याच्या कडेला थांबली, आणि पाइपांवरून सरकत भट्टी तिच्या जागी गेली.

घरी परतताना उंट म्हणाला, "मी ते पट्टे बघितलेच नव्हते गं."

"म्हणजे?"

"केबिनमध्ये बसलो की हुकाला काय लावलंय ते मी बघतच नाही. इतकी वर्षं बघितलं नाही. तू बघितलेलं असतं ना."

"आज मी पाहुणी होते. तुम्हीच सांगितलंत."

"हो. पण सवय."

बाईंनी त्याला घर येईपर्यंत झापलं. क्रेन चालवणाऱ्याने दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबणं म्हणजे काय, हे त्यांनी चार प्रकारे सांगितलं. पण सांगता सांगता त्यांचा आवाज मधेच भिजला, आणि उंटाने शहाण्यासारखं ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

सोमवारी त्यांनी स्लिंग-खोलीच्या दाराशी उभं राहून सांगितलं की लपवलेलं सगळं आणा. आज कात्री कपाटात राहील. तपासणी तुमच्यासमोर, आणि बाद का ते दाखवून मगच बाद. दुपारपर्यंत खोलीत असे स्लिंग जमले की जे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. अर्धेअधिक चांगले निघाले. उरलेले गेले, पण ज्यांचे गेले त्यांनी लाल धागा स्वतः बोट लावून पाहिला आणि फार कुरकुर केली नाही. एक गडी मात्र आपल्या साखळीचा लांबलेला दुवा बघून म्हणाला, "बाई, माझीही मान अशीच लांबलीय तुमची वाट बघून," आणि त्यावर बाईसुद्धा हसल्या.

नणंदेची बेकरी गच्चीवर चालली असती की नाही कोण जाणे. गॅरेजमध्ये ती अशी चालली की पावाचा वास रस्त्याच्या टोकापर्यंत जाई आणि माणसं वासामागून येत. भट्टी जमली. नणंद काही आठवडे भावजयीशी बोलली नाही. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. दुकानात पिठाची पोती वर चढवायला कप्पी लावायची म्हणत होती, आणि दाजींनी दोर आणला होता.

"दाजींना म्हणावं दोराला हात लावू नका," बाई म्हणाल्या. "येते मी."

"ये," नणंद म्हणाली, आणि थोडं थांबून तिने बाईंना नावाने हाक मारली.

बाई गेल्या तेव्हा दुकानासमोर ही गर्दी होती. दाजींची मोटार रस्त्याकडेला तशीच उभी होती, नुकतीच पुसलेली, चारही दारं उघडी. बसायला दुसरी जागा नसल्यामुळे गिऱ्हाइकं तिच्यातच बसून केक खात होती. मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या, पुढे एक शाळामास्तर, आणि स्टिअरिंगवर दाजी, प्रत्येकाला विचारत होते की खिडकी उघडू का, वारा लागतोय का.